गाडी मागे घसरली की मागून ठोकली? चूक कुणाची, हे सिद्ध कसं करायचं?

मंदार_विक्रोळी | सोमवार, रात्री १०:४२

मंडळी, मदत हवी आहे. जरा पाल्हाळ लागेल, सांभाळून घ्या.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी सातच्या सुमारास पवईहून घरी येत होतो. पाऊस धो धो. जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) नेहमीसारखा तुंबलेला आणि मी गांधीनगरच्या पुलाच्या चढावर उभा. शेजारी बायको, मागे सासरे. पाय ब्रेकवर होता, हँडब्रेक ओढलेला नव्हता (खोटं कशाला बोलू). चार-पाच सेकंद झाले असतील, मागून धाडकन आवाज. सासऱ्यांच्या मांडीवरचं सामोशांचं पुडकं थेट गिअरपाशी आलं.

उतरलो तर मागे भलीमोठी एसयूव्ही. आणि मी तोंड उघडायच्या आत तिचा मालकच ओरडायला लागला, "चढावर गाडी धरता येत नाही तर रिक्षाने फिरा! मागे घसरलात तुम्ही, मी तर जागेवर उभा होतो."

मी थक्क. हवालदार आले, म्हणाले कुणाला लागलंय का? नाही ना? मग गाड्या बाजूला घ्या, मागे बघा किती लाइन लागलीय, आपसात मिटवा. घाईघाईत पाच फोटो काढले आणि निघालो. दुसऱ्या दिवशी चौकीत गेलो तर स्टेशन डायरीत नोंद केली, त्यापुढे काही नाही.

आता काल त्या गृहस्थांचा व्हॉट्सअ‍ॅप आलाय. ग्रिल, बॉनेट, रेडिएटर मिळून ३५ हजार द्या, नाहीतर तक्रार करतो. माझ्या गाडीचं एस्टिमेट ६२ हजार: बंपर, डिकीचं दार, डावा टेललॅम्प, क्वार्टर पॅनल, रंग.

गाडी मॅन्युअल, १२०० सीसी, पाचवं वर्ष चालू. झिरो डेप (घसारा न कापणारा अ‍ॅड-ऑन) नाही. डॅशकॅम नाही (बायको दोन वर्षं सांगत होती, ते ऐकून झालंय, पुन्हा नको). आत्ता ४५ टक्के नो क्लेम बोनस (प्रीमियमवरची सूट) आहे, क्लेम न घेता वर्ष गेलं तर ५० होईल.

प्रश्न असा की मी घसरलो नाही, हे आता सिद्ध कसं करू? आणि चूक त्याची असताना माझा बोनस का जावा?

---

उगाच_एक | रात्री १०:४९

रुमाल टाकून ठेवतो. सामोसे वाचले का?

---

गिअरबॉक्स | रात्री ११:०५

यात सिद्ध काय करायचंय? मागून ठोकणाराच दोषी, हा जगाचा नियम आहे. ३५ हजार मागतोय? त्यालाच ६२ चं बिल पाठव.

---

पार्ल्याची_मावशी | रात्री ११:२०

गिअरबॉक्स, तो मागून ठोकल्याचं कबूल करेल तेव्हा ना! तो म्हणतोय हे पुढून मागे आले. भांडण नेमकं तेच आहे.

मंदार, त्या मेसेजला काहीही उत्तर देऊ नकोस. "सॉरी, बघू, निम्मे देतो" असलं तर मुळीच नको. आमच्या ह्यांनी २०१६ साली दादर टीटीला भिडेखातर "बघतो काय ते" एवढंच लिहिलं होतं. पुढे समोरचा तेच सगळ्यांना दाखवत फिरला, "बघा, मान्य केलंय."

---

काळाकोट | मंगळवार, सकाळी ८:१५

मावशींना अनुमोदन, आणि नुसतं अनुभवाचं नाही, कागदाचंही. तुमच्या पॉलिसीचं बारीक अक्षरातलं पान काढा. अटींमध्ये लिहिलेलं असतं की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत, देतो असं वचनही द्यायचं नाही. तुम्ही परस्पर १० हजार देऊन मिटवलंत तर ते तुमच्या खिशातून गेले, वर कंपनीला फाटा फोडायला जागा मिळाली. तो मेसेज जसाच्या तसा कंपनीला मेलवर पाठवा. समोरच्याच्या मालमत्तेचं नुकसान हा तुमच्या थर्ड पार्टी कव्हरचा भाग आहे, खासगी गाडीला साधारण साडेसात लाखांपर्यंत. त्याला खरंच दावा करायचा असेल तर त्याने रीतसर करावा, उत्तर तुमची कंपनी देईल.

गिअरबॉक्स, "मागचाच दोषी" हे पानटपरीवर ठीक. कोर्टात ते गृहीत धरत नाहीत, पुरावा बघतात. मागच्याने पुरेसं अंतर ठेवावं हा नियम आहेच. २०१८ च्या निशान सिंग प्रकरणात ट्रकच्या मागे जेमतेम दहा-पंधरा फुटांवरून येणाऱ्या मारुतीच्या चालकालाच सर्वोच्च न्यायालयाने दोषी धरलं. पण उलटंही होतं. कोइम्बतूरचा २०१७ मधला अपघात, निकाल २०२५ चा. पुढच्या कारने हमरस्त्यावर इशारा न देता अचानक ब्रेक मारला, मागचा मोटरसायकलवाला तिच्यावर आपटून पडला आणि मागून आलेली बस त्याच्या पायावरून गेली. न्यायालयाने वाटणी केली: कारवाला ५० टक्के, बस ३०, मोटरसायकलवाला २०. म्हणजे सर्वांत मोठा वाटा सगळ्यांत पुढच्या गाडीचा.

---

धुरंधर | सकाळी ९:०२

सोपा उपाय. सासऱ्यांची मान दुखतेय म्हणून एखाद्या डॉक्टरचा कागद घे आणि एफआयआर कर. तो समोरचा पाय धरत येईल.

---

पार्ल्याची_मावशी | सकाळी ९:१०

छान! म्हणजे खरं बोलणाऱ्याने आधी खोटं बोलून सुरुवात करायची.

---

जुना_सर्वेअर | सकाळी ११:३०

धुरंधर यांचा सल्ला कुणी मनावर घेऊ नये. एकतीस वर्षं मोडक्या गाड्या बघण्यात गेली. खोट्या जखमेचा कागद हा सगळ्यात लवकर फाटणारा कागद असतो. माणूस पहिल्या जबाबात "कुणाला लागलं नाही" म्हणतो आणि आठव्या दिवशी गळ्यात पट्टा घालून येतो. मंदाररावांच्या डायरी नोंदीत "कोणी जखमी नाही" असं लिहिलेलं असणारच.

आता मुद्द्यावर येतो. मंदारराव, तुम्ही दोन वेगळे प्रश्न एका दोरीत बांधलेत, ते आधी सोडवू.

तुमच्या गाडीचा खर्च तुमच्याच कंपनीकडून, तुमच्या ओन डॅमेज भागातून मिळतो. तिथे चूक कुणाची हे विचारतच नाहीत. उद्या तुम्ही स्वतः सोसायटीच्या खांबाला ठोकलीत तरी तो क्लेम मिळतो. लायसन्स, दारू, गाडीचा वापर, झालेलं नुकसान सांगितलेल्या घटनेशी जुळतं का, एवढंच सर्वेअर बघतो. कंपन्यांमध्ये आपसात जुना रिवाज आहे, नॉक फॉर नॉक म्हणतात त्याला. मराठीत सांगायचं तर तुझं तू निस्तर, माझं मी निस्तरतो. त्यामुळे दोन धडधाकट विमा असलेल्या गाड्या नुसत्या पत्र्यावर निभावल्या तर चूक कुणाची याचा निवाडा बहुतेक वेळा कुणी करतच नाही. लोकांना हे पटत नाही. माझ्यासमोर दोन मालक एकमेकांची गचांडी धरून उभे असायचे आणि मी शांतपणे डेंट मोजत असायचो.

चूक सिद्ध करायची वेळ येते ती कुणी जखमी किंवा मयत झालं, पोलिस केस झाली, किंवा एकाने दुसऱ्यावर नुकसानभरपाईचा दावा लावला तर.

बोनसचं म्हणाल तर त्याचं नावच नीट वाचा. तो नो क्लेम बोनस आहे, नो चूक बोनस नव्हे. क्लेम घेतला की गेला, चूक ब्रह्मदेवाची असली तरी. बोनस राखणारा वेगळा अ‍ॅड-ऑन मिळतो, तो तुमच्याकडे नसावा असं दिसतंय.

---

मंदार_विक्रोळी | दुपारी १:१५

नाही काका, तो पण नाही. :(

म्हणजे मी इतके दिवस रात्री जागून मनातल्या मनात कोर्टात उलटतपासणी घेतोय, ती कंपनीला नकोच आहे?

---

जुना_सर्वेअर | दुपारी १:४०

नकोच आहे. पण तुम्हाला झोप हवी असेल तर पुरावा गोळा करा. आणि तो गृहस्थ खरंच दावा लावेल तेव्हा लागेलही.

---

हिशेबनीस | दुपारी २:०५

क्लेम घ्यायचा की नाही हे आधी कागदावर मांडा. मंदार, तुझ्या पॉलिसीत बोनस वजा करण्याआधीचा ओन डॅमेज प्रीमियम किती आहे?

---

मंदार_विक्रोळी | दुपारी २:३०

१२ हजार धरा.

---

हिशेबनीस | दुपारी २:५५

ठीक. क्लेम घेतला नाहीस तर पुढची सगळी वर्षं ५० टक्के सूट. घेतलास तर पुढच्या नूतनीकरणाला शून्य, मग २०, २५, ३५, ४५ आणि पुन्हा ५०. फरक बघ: पहिल्या वर्षी ५०, मग ३०, २५, १५, ५. बेरीज १२५. म्हणजे एका वर्षाच्या ओन डॅमेज प्रीमियमच्या सव्वापट तुझं जातं. १२ हजारांवर १५ हजार, १८ टक्के जीएसटी धरून १७,७००. प्रीमियम तेवढाच राहील आणि पुढे क्लेम होणार नाही असं धरून हां.

आता दुसरी बाजू. झिरो डेप नाही म्हणजे घसारा कापणार. प्लॅस्टिक-रबरावर ५० टक्के, सो बंपर आणि टेललॅम्प निम्मे गेले. चार ते पाच वर्षांच्या गाडीच्या पत्र्यावर ३५ टक्के. रंगाच्या मटेरिअलवर ५०. काचेवर काही नाही, मजुरीवर काही नाही. वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला हजाराची सक्तीची वजावट. ६२ मधले चाळीसेक हाती येतील असा माझा अंदाज.

चाळीस मिळतात, अठरा जातात. घे क्लेम. एस्टिमेट पंधरा-सोळा हजारांचं असतं तर म्हणालो असतो, गप खिशातून भर.

---

लोकल_प्रवासी | दुपारी ३:२०

वाखुसा (वाचनखूण साठवली). इतकी वर्षं एजंटने हे सव्वापटीचं गणित कधी सांगितलं नाही.

---

कोकणी_मेवा | दुपारी ४:००

अवांतर: गांधीनगरच्या त्या चढावर गेल्या पावसाळ्यात मीही अडकलो होतो. मूळ दोष रस्त्याचा आहे. खड्डा आला की पुढचा थांबतो, त्यामागचा थांबतो, मग शेवटचा ठोकतो. ज्याने रस्ता केला त्याच्याकडून वसूल करा.

---

उगाच_एक | दुपारी ४:०४

झालं, धाग्याचं खड्डेकरण सुरू.

---

गिअरबॉक्स | संध्या. ५:३०

काळाकोट, निकाल मान्य. पण मग मंदारने सिद्ध करायचं म्हणजे काय करायचं? सीसीटीव्ही?

---

काळाकोट | संध्या. ६:१५

सीसीटीव्ही असेल तर उत्तम, पण तो नाशवंत माल आहे. दुकानं आणि सोसायट्यांचे रेकॉर्डर आठ-पंधरा दिवसांत जुन्यावर नवं चढवतात. त्यामुळे आजच लेखी अर्ज द्या की अमुक तारखेचं, अमुक वेळेचं चित्रण जपून ठेवा. पोलिसांच्या कॅमेऱ्यासाठी पोलिस ठाण्यात आणि वाहतूक शाखेत अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. देतील की नाही ही पुढची गोष्ट, मागितलं होतं याचा कागद हातात राहतो.

फुटेज मिळालं तर ते फोनवरून फोनवर फिरवू नका, दरवेळी त्याचा दर्जा आणि विश्वास दोन्ही घटतात. मूळ यंत्रावरून प्रत घ्या आणि ज्याच्या ताब्यात ते यंत्र आहे त्याच्याकडून प्रमाणपत्र घ्या. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६५ ब होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. हे प्रमाणपत्र का लागतं ते मराठी माणसाला सांगायला सोपं आहे, कारण सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा गाजलेला निकाल आपल्या जालन्याचा. खोतकर विरुद्ध गोरंट्याल. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नंतर, यावरून वाद, आणि पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतलं व्हिडिओ चित्रण. मूळ यंत्र कोर्टात आणता येत नसेल तर प्रमाणपत्र हवंच, असं तिथे ठरलं.

आणखी एक. अपघात दाव्यात फौजदारीसारखं "संशयातीत" सिद्ध करावं लागत नाही. कुणाची गोष्ट जास्त संभवनीय, एवढंच तोलतात. काही वेळा तर घटनाच बोलते. १९७७ च्या एका निकालात नागपूरहून पांढुर्ण्याला निघालेली कार रस्ता सोडून झाडावर आदळली होती. न्यायालय म्हणालं, झाड काही रस्त्यावर चालत आलं नाही, आता कारवाल्यांनीच खुलासा करावा. (शब्द माझे, अर्थ त्यांचा.)

---

पार्ल्याची_मावशी | संध्या. ७:००

आणि साक्षीदार? आमच्या ह्यांच्या वेळी टीटीचा एक भाजीवाला उभा राहिला म्हणून वाचलो. स्कूटरवर होते, पायात रॉड घातला. ट्रायब्युनलमध्ये समोरच्या वकिलाने सगळा दोष ह्यांच्यावर ढकलला होता, इंडिकेटर दिला नाही म्हणून. भाजीवाल्याने येऊन सांगितलं, "साहेब, ह्यांनी हातसुद्धा दाखवला, माझ्या कोथिंबिरीच्या जुडीला लागला." सगळे हसले, पण तेच वाक्य टिकलं. तरी थोडा दोष ह्यांच्याकडे धरून रक्कम कापलीच.

तो माणूस दोन वेळा धंदा सोडून आला. दर दिवाळीला अजून आम्ही त्याला फराळ नेऊन देतो.

---

काळाकोट | संध्या. ७:२५

मावशी, अशी माणसं विरळा. लोक पोलिसांचं झेंगट नको म्हणून पुढे येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलंय, जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं. मदत करणाऱ्याने साक्षीदार व्हायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर.

मंदार, पत्नी आणि सासरे साक्ष देऊ शकतात, पण घरचे म्हणून तिचं वजन थोडं कमी पडतं. बाजूच्या लेनमधला कुणी आठवतोय?

---

मंदार_विक्रोळी | रात्री ९:१०

बाजूला एक रिक्षा होती. रिक्षावाला हसत होता, एवढंच आठवतं.

आज तिन्हीकडे अर्ज दिले. पोच मिळाल्या, त्यातली एक मिळवायला पाऊण तास उभा होतो. पुलाखालच्या दुकानदाराने सांगितलं की त्याचा कॅमेरा गल्ल्याकडे बघतो, रस्त्याकडे नाही.

काका, गाडीवरून काही कळतं का?

---

जुना_सर्वेअर | बुधवार, सकाळी १०:००

कळतं तर. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, दिव्याची. तुमच्या टेललॅम्पमध्ये तारेचा बल्ब असेल (एलईडी नाही) तर तो जपून ठेवा. ब्रेक दाबलेला असताना तार तापून मऊ असते, धक्का बसला की ताणली जाते, वेडीवाकडी होते. दिवा बंद असेल तर थंड तार कडक असते, तुटली तर सरळ तुटते. धक्का जबर हवा मात्र.

दुसरी, उंचीची. कुठलीही गाडी जोरात ब्रेक मारते तेव्हा तिचं नाक खाली दबतं. त्यामुळे मागून ब्रेक मारत येऊन आदळलेल्या गाडीच्या खुणा पुढच्या गाडीच्या मागच्या बंपरवर अपेक्षेपेक्षा खाली उमटतात. याउलट ती खरंच जागेवर उभी असती आणि तुम्ही घसरत जाऊन टेकला असतात, तर नाक दबायचं कारणच नाही, खूण बरोबर तिच्या नेहमीच्या उंचीवर पडली असती. शिवाय चार-पाच फूट घसरून किती वेग येणार? त्या वेगात बॉनेट आणि रेडिएटरपर्यंत मार जाणं मला कठीण वाटतं.

तुमच्या बंपरवर त्याच्या नंबरप्लेटची किंवा तिच्या स्क्रूची खूण आहे का बघा. जमिनीपासून मोजा. फोटोत टेप दिसली पाहिजे.

---

गिअरबॉक्स | सकाळी १०:३०

काका, दंडवत! _/\_

---

मंदार_विक्रोळी | रात्री ८:४५

बल्बचं ऐकून वर्कशॉपला पळालो. पोऱ्याने फुटका लॅम्प कालच भंगारात टाकला. भंगारवाल्याकडेही जाऊन आलो, हात काळे झाले, बल्ब नाही मिळाला.

पण बंपर अजून गाडीवरच होता! त्यावर दोन गोल खळगे आहेत, नंबरप्लेटच्या स्क्रूचे. सपाट जागेवर जमिनीपासून ४६ सेंमी. आमच्या सोसायटीत तेच मॉडेल आहे, सी विंगमधल्या काकांचं. पार्किंगमध्ये वाकून त्यांच्या प्लेटचे स्क्रू मोजत होतो तर वॉचमनने हटकलं. ५१ सेंमी!

---

हिशेबनीस | रात्री ९:००

थांब. तुझ्या गाडीत तेव्हा तिघं होते, सासरे मागे. गाडीचं बूड खाली बसलेलं असणार. तू मोजलंस ते रिकाम्या गाडीवर. हिशेब चुकतोय.

---

जुना_सर्वेअर | रात्री ९:२०

हिशेबनीस, शाबास, नेमकं बोट ठेवलंत. पण नीट विचार करा, ते कुणाच्या बाजूने जातं? मंदाररावांचं बूड समजा दोन सेंमी खाली बसलं होतं. मग ५१ वर असलेला स्क्रू त्यांच्या बंपरवर रिकाम्या गाडीच्या मापाने ५३ ला लागायला हवा होता. लागला ४६ ला. म्हणजे फरक पाचाचा नाही, सातचा. नाक दबलं होतं. तो गृहस्थ ब्रेक मारत आला होता.

त्याच्या गाडीत किती माणसं होती, टायरमध्ये हवा किती, प्लेट मालकाने हलवलीय का, हे प्रश्न समोरचा काढेल. शास्त्र म्हणून मी शपथ घेणार नाही. पण दोन गोष्टींपैकी जास्त संभवनीय कुठली, तर तुमची.

---

उगाच_एक | रात्री ९:२४

सासऱ्यांच्या वजनामुळे जावई निर्दोष. हे घरी सांगू नकोस.

---

धुरंधर | रात्री ९:४०

मानलं. माझा सल्ला मागे घेतो.

---

लोकल_प्रवासी | गुरुवार, सकाळी ८:५०

एक बावळट प्रश्न. घसारा कापून उरलेले वीसेक हजार त्या एसयूव्हीवाल्याच्या विमा कंपनीकडून मागता येतील का? विमा लोकपालाकडे गेलं तर?

---

काळाकोट | सकाळी ९:३०

बावळट नाही, सगळे हेच विचारतात. लोकपाल तुमच्या आणि *तुमच्या* कंपनीच्या भांडणासाठी आहे. समोरच्याच्या कंपनीविरुद्ध तिथे जाता येत नाही. आपल्या कंपनीने क्लेम नाकारला, कमी दिला किंवा महिनाभर तक्रारीला उत्तरच दिलं नाही तर जरूर जा. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर, जीवन सेवा अ‍ॅनेक्समध्ये आहे. फी नाही, वकील लागत नाही (माझंच नुकसान), ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जायचं.

समोरच्याकडून वसूल करायचं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. तिथे मालमत्तेचं नुकसानही मागता येतं, आणि रक्कम दोन हजारांच्या वर असेल तर दिवाणी न्यायालयाचाही पर्याय कायद्यानेच ठेवलाय. जे पैसे तुमच्या कंपनीने दिले ते पुन्हा मागायचे नाहीत, उरलेलेच. वीस हजारांसाठी किती तारखा घालायच्या ते तुम्ही ठरवा. माझ्याकडे अशील म्हणून आलात तर मी तुम्हाला चहा पाजून परत पाठवेन.

---

कोकणी_मेवा | सकाळी १०:१०

असा वकील असतो? पत्ता द्या.

---

मंदार_विक्रोळी | पुढचा मंगळवार, रात्री १०:३०

अपडेट देतो.

कंपनीला सगळं कळवलं, मेसेजसकट. एसयूव्हीवाल्याला मी एकच ओळ पाठवली, काळाकोट यांना विचारून: "आपला दावा माझ्या विमा कंपनीकडे रीतसर करावा, पॉलिसी क्रमांक सोबत." खाली काही न लिहिता टेप लावलेला बंपरचा फोटो जोडला. निळ्या टिका आल्या. सहा दिवस झाले, उत्तर नाही. तक्रारही नाही. फुटेजच्या अर्जांचंही काही उत्तर नाही.

शनिवारी सर्वेअर आला. तरुण मुलगा, पंचवीस-सव्वीसचा. मी जय्यत तयारीत, पुलाचं स्केच, सेंटिमीटरचं कोष्टक, सी विंगच्या काकांच्या गाडीचे फोटो, सगळी फाइल उघडून बसलो. त्याने नाक दबण्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, हे मस्त आहे, पण मला कशाला दाखवताय? तुमच्या क्लेम फॉर्ममध्ये चूक कुणाची हा रकानाच धरत नाही आम्ही. आरसी आणि लायसन्स द्या."

६२ पैकी ४३ मंजूर, हजार वजा. ४२ मिळतील. बोनस गेला.

---

जुना_सर्वेअर | रात्री १०:४१

पोरगा बरोबर बोलला. तरी तो जुना बंपर वर्कशॉपकडून मागून घ्या आणि माळ्यावर टाका.

---

मंदार_विक्रोळी | रात्री १०:५५

कंपनी म्हणते बदललेला बंपर त्यांचा, साल्व्हेज. खळग्याचे फोटो आहेत, आणि डॅशकॅम आज बसवला. बायकोने काही म्हटलं नाही. तेच जास्त लागलं.

---

उगाच_एक | रात्री १०:५८

सी विंगच्या काकांना सांग, वॉचमनला समजावतील.